तिसरी पिन

४ फेब्रुवारी

तू बांधून दिलेला दिवा दगाबाज निघाला. माशांच्या टाकीवर पत्र्याचं झाकण करून आत दोन फुटी ट्यूब बसवून दिलीस, ती गेले तीन आठवडे लागते-विझते, नुसती लपलपते आहे. मी दोनदा निरोप धाडला आणि तुझं एक अक्षर नाही. लोकांच्या इस्पितळात दिवे लावत फिरतेस आणि घरच्या माशांना अंधार. बरं. आता आशीर्वाद घे.

चि. ठिणगीस आजीचे आशीर्वाद, वि. वि. मी ठीक. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. काकूची खुशाली खाली लिहिते, कारण ती दिव्यावर अवलंबून आहे.

दुकान तू गेलीस तेव्हा होतं तसंच आहे. पुढच्या खोलीत धुलाईचं मशीन, इस्त्रीचं लांब टेबल, भिंतीला माशांची टाकी, आणि मागे आपण. गिऱ्हाईकं कपडे घ्यायला येतात आणि मासे बघत उभी राहतात. तुझ्या काकाला गल्ली अजून कडक म्हणते, ते इस्त्रीवरून की स्वभावावरून हे कोणी तोंडावर सांगत नाही. माशांशी मात्र तो इतकं हळू बोलतो की मला वाटतं, माझ्या पोटी मासाच जन्मला असता तर बरं झालं असतं.

ट्यूब लपलपली की मासे घाबरतात, काचेवर जाऊन आपटतात. ते आपटले की याचं डोकं फिरतं. पहिल्या दिवशी त्याने झाकणावर बुक्की मारली. दुसऱ्या दिवशी ट्यूब ओढून काढली आणि भिंतीवर फोडली. इस्त्री केलेल्या अठरा सदऱ्यांवर काचेचा चुरा आणि वर ट्यूबमधली ती पांढरी भुकटी. मग म्हणाला, काकू माशांना खायला घालताना पाणी उडवते, म्हणून दिवा बिघडतो. केस धरून तिला टाकीपर्यंत नेलं आणि कानशिलात अशी ठेवून दिली की ती टेबलाखाली जाऊन पडली. त्या कानात आता घूं घूं होतं म्हणते, त्या दिव्यासारखंच.

नवी ट्यूब आणली त्याने. दोन दिवस घर कसं शांत होतं. तिसऱ्या दिवशी परत लपलप, आणि परत हिची पाळी. म्हणजे दोष ट्यूबमध्ये नाही, एवढं माझ्यासारख्या तिसरी नापासालाही कळलं. दिवा नीट जळला तर हा हात आवरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तुला लिहिते. दिवा कसा दुरुस्त करायचा ते पायरीपायरीने कळव. मी करीन. काकूला झाकणाजवळ जाऊ देणार नाही आणि काकाला विचारणार नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे काकूच वाचून दाखवील. मला लिहिता येतं, कारण लिहिताना काय लिहायचंय ते मला आधी ठाऊक असतं. वाचताना नसतं. तरी अक्षर जरा माणसासारखं काढ.

माया आहेच, ती दर पत्रात काय लिहायची.

तुझी आजी


९ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस ठिणगीचा नमस्कार, वि. वि.

तुझे दोन्ही निरोप मला मिळालेच नाहीत. ज्या गिऱ्हाइकांबरोबर धाडलेस ती कपडे तरी वेळेवर नेतात का ते आधी बघ. तुझं पत्र आमच्या खात्याच्या साहेबांनी फोडलं, त्यांना वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, तक्रारच आहे.

आता नीट ऐक. सगळ्यात आधी बोर्डातून प्लग उपटून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे, पायात चप्पल. ट्यूब दोन्ही टोकांना धरून हळू फिरवायची, सैल असली तर घट्ट बसते. ती काढून दोन्ही बाजूंचे होल्डर बघ. आत हिरवट गंज धरला असेल तर जुन्या ब्रशने खरवड. तरी लपलपली तर स्टार्टर बदल. तो पत्र्याच्या कडेला आहे, अंगठ्याएवढा पांढरा डबा. पिळला की निघतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आजी. बदललीस की एक दिवस थांबायचं आणि बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दिवा लागेलही, पण दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि तो पुन्हा येतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिले सहा महिने हेच शिकवतात, आणि तो सहा महिने तेच विसरतो.

एक विचारायचं राहिलं. पाणी आणि ट्यूब यांच्या मधे मी एक काच सरकवून ठेवली होती, वाफ वर जाऊ नये म्हणून. ती जागेवर आहे ना?

काकू, हे तूच वाचते आहेस, तेव्हा हा परिच्छेद तुझा. कान कोणाला दाखवलास का? घूं घूं आठवड्याच्या वर राहिली तर पडदा फाटलेला असतो. इथे मला कामगारांच्या चाळीत खोली मिळाली आहे. दार एकच आहे, पण त्याला आतून कडी आहे. आजीला घे आणि ये. विचारून येऊ नकोस, नुसती ये.

आजी, गुडघ्यांना माझा नमस्कार सांग. सगळ्यांनी माझ्यावर आहे तेवढा जीव ठेवावा.

तुझी,
ठिणगी


१९ फेब्रुवारी

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद काकूने गिळला. मला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. कागदावर ओळी बत्तीस आणि तोंडातून आल्या पंचवीसेक. मी कागद तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, ओकून टाक. मग वाचला तिने, भिंतीकडे बघत. वाचून म्हणाली, कान बरा आहे. मी तिच्या मागे जाऊन हळूच हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. तर कान असा बरा आहे.

चि. ठिणगीस आशीर्वाद, वि. वि. तू सांगितलंस तसं सगळं केलं. काका वसुलीला बाहेर गेला होता तेव्हा मी स्टुलावर चढले आणि काकूने स्टूल धरलं. होल्डर खरवडले. एक दिवस थांबले. लपलप तशीच. मग स्टार्टर बदलला. बदलला तसा दिवा डोळा उघडल्यासारखा एका दमात लागला.

तीन दिवस, पोरी. तीन दिवस या घरात कोणाचा आवाज चढला नाही. काकाने दोन नवे मासे आणले, काळे, शेपट्या घोळदार. काकूला चपला आणल्या, आणि त्या मापाच्या निघाल्या. तो शीळ वाजवत इस्त्री करत होता. मला वाटलं, झालं, सापडला दोष. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून मी बसले होते, सरळ झालं म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना दिवा परत लपलपला. गिऱ्हाईक हसून म्हणालं की कडकच्या दुकानात वीजसुद्धा घाबरते. गिऱ्हाईक जाईपर्यंत हाही हसला. मग दार लोटलं. काकू कोटाची बाही लावून धरत होती. त्याने तिचा हात तसाच टेबलावर दाबला आणि वर इस्त्री ठेवली. ओल्या कापडावर येतो तसा आवाज आला. मी कांजीचं पातेलं उचलून त्याच्या अंगावर टाकलं. गरम नव्हती, हे माझं दुर्दैव. त्याने मला ढकललं. तोंड मशीनच्या कडेवर आपटलं आणि पुढचे दोन दात गेले. त्यातला एक हलतच होता, त्याचा हिशेब मी धरत नाही.

काकूच्या हातावर इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण उठलाय. रोज पट्टी बदलते मी. ती ओरडत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असं म्हणतात. हिच्या बाबतीत तोंड दाबायचीही गरज राहिलेली नाही.

आता कामाचं. सांडलेली कांजी पुसताना माझा ओला हात झाकणाच्या पत्र्याला लागला, आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की फडकं उडून टाकीत पडलं. शेजारच्याचा टेस्टर आणून लावला, तर पत्र्याला कुठेही लावा, तो पेटतो. काकाला सांगितलं की पत्रा मारतो. तो म्हणाला, मारू दे, मी पण मारतो, घर चालायला कोणीतरी मारावं लागतं. रबरी चप्पल असली तर काही होत नाही, असंही म्हणाला.

तू विचारलेली काच जागेवर नाही. ती नव्या वर्षाच्या सुरुवातीला फुटली. कशी फुटली ते दिव्याच्या कामाचं नाही.

आणि एक सांग. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने तो पत्रा दोन्ही हातांनी धरला, तर काय होतं? सहज विचारते.

जीव लावतेस तसा लाव.

तुझी आजी


२३ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस,

नमस्कार मागाहून. काकू, हे वाक्य वाचलंस की कागद खाली ठेव, जा आणि प्लग उपट. मग पुढचं वाच.

उपटलास? पायात चप्पल होती?

आता सांगते काय झालंय. ट्यूबच्या मागे पट्टीत एक जड लोखंडी ठोकळा आहे, त्याला चोक म्हणतात. त्याच्या आतल्या तारा वाफेने भिजल्या आहेत आणि वीज तारेतून न जाता पत्र्यात उतरते आहे. असं झालं तर कोणाला लागू नये म्हणून मी त्या पत्र्याला तिसरी तार जोडली होती आणि तीन पिनांचा प्लग लावला होता. वरची जाड पिन ती त्यासाठीच. पत्र्यात उतरलेली वीज त्या वाटेने जमिनीत जाते, माणसातून जात नाही. टेस्टर पेटतो याचा अर्थ ती वाट बंद आहे. काकाने वरची पिन मोडली असणार. तुमच्या बोर्डाला दोनच भोकं आहेत, तिसरं करून घ्या म्हणून मी सांगून गेले होते, आणि तो भोक वाढवणाऱ्यातला माणूस नाही, पिन मोडणाऱ्यातला आहे.

आणि काच. आजी, काच कशी फुटली ते दिव्याच्याच कामाचं आहे. काच होती तोवर चार वर्षं दिवा नीट चालला. काच गेली आणि तीन आठवड्यांत होल्डर गंजले, स्टार्टर गेला, चोक भिजला. सगळ्या बिघाडाचं मूळ ती काच. आणि ती बोटभर जाड होती, आपटून फुटेल अशी नव्हती, कोणाचं तरी डोकं जोरात आपटल्याशिवाय. काकू, कपाळाच्या वर केसात हात लावून बघ आणि मी चुकत असेन तर मला लिही.

आजी, तू पहिल्या पत्रात लिहिलंस की दिवा बिघडतो म्हणून काका मारतो. ते उलट आहे. काका मारतो म्हणून दिवा बिघडला. माझी करंगळी मिटत नाही ते तुला माहीत आहे. तेव्हा घरात ना टाकी होती ना ट्यूब.

तुझ्या सहज प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तुला ते माहीत आहे म्हणून तर विचारलंस. इस्पितळात अशी माणसं येतात. पत्रा धरला की मूठ आपोआप आवळते आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही. अशा वेळी त्या माणसाला हाताने कोणी शिवायचं नाही, नाहीतर दोघं जातात. आधी वीज तोडायची. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याचा हात पत्र्यावरून उडवायचा. जोरात, एका फटक्यात. हे मी लिहिते कारण लिहायलाच हवं. तुम्ही दोघींनी ते लक्षात ठेवा.

नवा चोक, तीन पिनांचा प्लग आणि बोर्डाचा नवा डबा असं पार्सल आजच टाकते आहे. गल्लीतल्या वायरमनकडून बसवून घ्या. तोवर मासे अंधारात राहिले तर मरत नाहीत.

खोलीची कडी अजून तशीच आहे. ये म्हटलं की येणाऱ्यांवरच माझा लोभ जास्त असतो, हे ध्यानात घ्या.

तुमची,
ठिणगी


३ मार्च

पुतणीस,

तुझं पार्सल माझ्या हाती पडलं. माझ्या घरात काय बिघडलंय हे मला टपालाने कळायला नको. सात वर्षं तुला या घरात खाऊ घातलं, त्याचं तू दोन तारा जोडायला शिकलीस आणि आता मला शिकवतेस.

प्लग काढून ठेवला होता. माशांना पाच दिवस अंधारात ठेवलं या दोघींनी. मी परत लावला. चालतो आहे तो, लपलपतो, पण चालतो. म्हातारी म्हणते पत्रा मारतो. म्हातारीला आता उशीही मारेल.

तू धाडलेला तो लोखंडाचा ठोकळा चांगला वजनदार आहे. घरातल्या बाईला कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते समजावताना तो माझ्या हातात होता. तेव्हा जे झालं त्यातला अर्धा वाटा तुझा. तू धाडला नसतास तर माझ्या हातात नसता.

मी हात उचलतो, नाही म्हणत नाही. पण कोणाच्या पोटाला कमी केलेलं नाही. माझ्या बापाने दोन्ही केलं.

यापुढे इथे पत्र नको, पार्सल नको, तू तर नकोच. आलीस तर बाकीची बोटंही मिटायची नाहीत.

काका


१४ मार्च

तुझ्या काकाने तुला पत्र लिहिलं हे मला आज कळलं, तेही त्याच्याच तोंडून. पुतणीला लिहायचं आणि आईच्या तोंडून आशीर्वादसुद्धा टाकायचा नाही, ही कोणती रीत. असो. आता त्याला आठ आठवडे काही लिहिता येणार नाही.

चि. ठिणगीस आशीर्वाद, वि. वि. हे पत्र पोचेल तेव्हा काकू तुझ्या कडीआड असेल. मी तिला स्वतः गाडीत बसवलं. डाव्या बरगडीला धक्का लागू देऊ नकोस, चोक तिथे लागलाय. एक नक्की मोडली आहे, दुसरीचं तूच बघ. तू पार्सल धाडलंस म्हणून हे झालं असं मनात आणलंस तर मी तिथे येऊन तुझ्या थोबाडीत देईन. ज्याच्या हातात होता त्याने मारलं.

काय झालं ते एकदा लिहिते, परत कोणी विचारायचं नाही.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र काकूने मला वाचून दाखवलं. प्लग तिनेच उपटला, धावत जाऊन. परत येऊन तिने एकही ओळ न गिळता सगळं वाचलं. माझा तो प्रश्नही तुझ्या उत्तरातून तिला कळला. तिथे ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. कागदाची घडी केली आणि इस्त्रीला गेली. काकाने प्लग परत लावला तेव्हा मी त्याला एकदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावलं नाही. तिने तर एकदाही नाही.

मागच्या सोमवारी सकाळी नव्या काळ्या माशांतला एक पोट वर करून तरंगत होता. मशीनची नळी निसटली होती आणि फरशीभर साबणाचं पाणी होतं. काकू ते पुसत होती. त्याने मासा बघितला आणि बादलीला अशी लाथ घातली की एक चप्पल रस्त्यावर जाऊन पडली. दुसरी त्यानेच काढून हिच्या तोंडावर मारली. मग मानेला धरून तिचं तोंड काचेवर घासलं, बघ म्हणाला, हे तू केलंस, तुझ्या अंधाराने मेला तो. मोडक्या बरगडीवर गुडघा दिला. ती पडली. मग मासा काढायला म्हणून त्याने झाकण दोन्ही हातांनी धरलं.

ओरडला नाही. दात आवळले, मान मागे गेली, आणि सगळं अंग कांजी केलेल्या कॉलरसारखं ताठ. ट्यूब मात्र स्वच्छ जळत होती. तेवढ्या वेळात एकदाही लपलपली नाही.

मी बोर्डाखालच्या स्टुलावर बसले होते. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं, उठावंही लागलं नसतं. मी हात मांडीवरच ठेवला. हे तुला लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, आणि देव वगैरे कोणी विचारायला आलं तर माझं अक्षर त्याला वाचता येणार नाही.

काकू उठली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. मग फळीवरचं कपडे बडवायचं जुनं लाकूड काढलं. मशीन आल्यापासून ते वरच पडून होतं, कोरडं ठणठणीत. नव्या चपला पायात आहेत का ते तिने खाली बघून घेतलं. आणि तू सांगितलं होतंस तसा, जोरात, एकच फटका त्याच्या हातांवर घातला. तो सुटला आणि भिंतीशी पडला. श्वास घेत होता.

तो फटका सोडवायला होता. तुझ्या पत्रातला. पुढचे तुझ्या पत्रात नव्हते. ते तिने हातांवरच घातले, फक्त हातांवर, जसे कॉलर आणि बाह्या वेगळ्या बडवतात तसे. त्याने एकदा आई म्हणून हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, इथेच आहे. ती दमली तेव्हा थांबली. लाकूड पुसलं, फळीवर परत ठेवलं, आणि मला विचारलं, प्लग काढू का आता. मी म्हटलं, काढ.

दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहेत. तळवे भाजलेत. डॉक्टरने विचारलं कसं झालं, तर मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, फळी पडली. सात वर्षं ती जिन्यावरून पडत होती. या घराला जिना नाही हे कोणी विचारलं नाही. आता याच्यावर फळी पडली, तर कोणी विचारायचं.

मी का नाही आले, असं तू लिहिशील. ते लाकूड माझं आहे, पोरी. तुझ्या आजोबांनी ते आधी माझ्यावर चालवलं आणि मी ते याच्यावर, सहा वर्षांचा होता तेव्हापासून. तू म्हणालीस ना, बिघाडाचं मूळ शोधावं. मी शोधलं. तिथे मीच बसले होते, म्हणून बसून राहते. त्याला मी भरवते. तोंड फिरवतो, तर चमचा तिकडे नेते. भूक लागली की कडकही मऊ होतो.

तुझा चोक मी गल्लीतल्या वायरमनकडून बसवून घेतला. त्याच्या कोपऱ्याला थोडं रक्त होतं, ते आधी पुसलं. बोर्डाला तिसरं भोक झालं, वरची पिन आत गेली, मधली काच नवी घातली. एका वेळी एक आणि मधे एक दिवस थांबून. आता टेस्टर पत्र्याला लावला तर मेल्यासारखा गप्प. दिवा पापणी न लववता जळतो. तो त्याच्यासमोर बसून मासे बघतो, आणि मी त्याच्याकडे बघते. दिवा नीट झाला की घर नीट होईल, असं मी आता कोणाला लिहिणार नाही.

रोज एकदा विचारतो, ती कुठे आहे. मी सांगत नाही. परत आणायचं डोक्यात असेल तर आधी चमचा धरायला शीक म्हणते.

तर आता ऐक. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तिने द्यायचं, तिच्या हातचं. कपाळ कसं फुटलं, कान कसा गेला, हात कसा भाजला, बरगडी कशी मोडली, सगळं तारीखवार. आणि परत येणार की नाही, ते शेवटी. त्याला तुझ्या खात्याचा पत्ता ठाऊक आहे, चाळीचा नाही, तेव्हा पाकिटावर चाळीचा पत्ता घालू नका आणि ते आपल्या गल्लीत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती द्या, कपडे नेतात तसं आणतीलही. अक्षर मोठं काढायला सांग. तिचं पत्र मला वाचून दाखवायला इथे आता तोच उरलाय. हात गळ्यात असले तरी डोळे शाबूत आहेत, कागद मी त्याच्यासमोर धरीन. आणि किती ओळी लिहिल्या ते तिने वर आकड्यात लिहावं. एकही गिळलेली मला चालणार नाही. मी मोजणार आहे.

तुझी आजी